दुनळी आणि वकिलाचा कोट

बँकेचा मॅनेजर दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं, पँट न्यायला आला. पँट तयार नव्हती. कापड काळं होतं आणि माझा काळा दोरा संपला होता. शिंप्याला अशा वेळी जे तोंडात येतं तेच माझ्या तोंडात आलं.

"साहेब, उद्या नक्की."

"तुम्ही आधी बसा," मॅनेजर म्हणाला.

मी मशीनवर बसलेलोच होतो. बसलेल्या माणसाला कोणी बसा म्हणालं की समजून घ्यायला हवं. मी वर त्याला सांगितलं, "फक्त पाय खाली दुमडून बॉटम मारायचा राहिलाय."

मग त्याने सांगितलं. बँकेच्या शेजारच्या दवाखान्यात, बाकड्यावर बसल्या बसल्या माझी बायको गेली. डॉक्टर आत दुसऱ्या कोणाचा तरी घसा बघत होते. तिचा नंबर यायचा होता. तिला वाट बघत बसायचा मुळातच कंटाळा.

माझी बायको त्याच बँकेच्या दारात पहाऱ्याला होती. खांद्याला दुनळी बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा, डोक्याला टोपी. तिचा गणवेश मी शिवायचो. ती बंदूक घेऊन बाहेर आणि मी सुई घेऊन घरात, यावर गल्लीने जेवढे विनोद करायचे तेवढे लग्नानंतर लगेच करून घेतले. "काय मास्तर, आज मालकीणबाई शिकारीला आणि तुम्ही काज करायला?" मी म्हणायचो, हो, आणि तुझ्या पँटची चेन मीच बसवलीय, तेव्हा जपून बोल.

त्या सकाळी तिला बँकेत घाम फुटला. मॅनेजर म्हणाला, बाई, दवाखाना शेजारीच आहे, सरळ जा, बंदूक मी तिजोरीच्या खोलीत ठेवतो. ती नको म्हणाली, परवाना माझ्या नावावर आहे, बंदूक दुसऱ्याकडे ठेवता येत नाही. मागच्या रिकाम्या खोलीत गेली, नळ्यांची तोंडं खाली वाळूच्या बादलीकडे केली, काडतुसं काढली, दोन्ही नळ्यांतून आरपार बघितलं, बंदूक कव्हरात घातली आणि पायी घरी आली. बंदूक कपाटात ठेवली, काडतुसं माझ्या हातात दिली. "मोजून घ्या," म्हणाली. मी मोजून घेतली. "जरा दाखवून येते, डोकं हलकं वाटतंय." मी म्हटलं, "येताना काळा दोरा आण." ती परत पायी दवाखान्यात गेली आणि बाकड्यावर बसली.

म्हणजे बंदूक सुखरूप पोचली. बायको नाही पोचली.

भेटायला आलेला प्रत्येक माणूस मला एकच सांगून गेला, की सरळ दवाखान्यात गेली असती तर. मीही तेच म्हणतो. मग मनातल्या मनात तीच उत्तर देते: भरल्या दवाखान्यात, लोकांची पोरं खोकत बसलीत, त्यांच्यात मी बंदूक घेऊन चक्कर येऊन पडू? यावर मला बोलता येत नाही. तिच्यापुढे मला कधीच बोलता आलं नाही, आता ती मेल्यावर काय येणार.

आमचं दुकान म्हणजे घराची बाहेरची खोली. बायका माप द्यायला येतात, सोबत पोरं येतात. ज्याला पोरं हात लावणार नाहीत अशी वस्तू अजून कोणी बनवलेली नाही. म्हणून बायकोने लग्न करून घरात पाऊल ठेवलं तेव्हा आधी एक लोखंडी कपाट आतल्या खोलीच्या भिंतीला बोल्टने आवळून घेतलं आणि मग पंखा कुठे लावायचा ते बघितलं. बंदूक कपाटात. काडतुसं स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, वेगळ्या पेटीत. कपाटाची किल्ली तिच्याकडे, पेटीची माझ्याकडे. तिची किल्ली कुठे असते ते मला माहीत नाही, माझी कुठे असते ते तिला माहीत नाही. दोघांचं एकमत झालं तरच या घरात भरलेली बंदूक तयार होणार. आणि एकमत होण्याचे प्रसंग आमच्या संसारात फार आले नाहीत.

ती किल्ली काढायला आतलं दार लावून घ्यायची. मी बाहेर मशीन जोरात चालवायचो, उगाच कानावर काही पडायला नको. पैज लावून सांगतो, दुसऱ्या कुठल्या नवऱ्याने बायकोचं गुपित इतकं जपलं नसेल.

तिचा दुसरा नियम असा, की बंदूक हातात आली की ज्याच्या हातात आली त्याने ती उघडून बघायची. देणाऱ्याने तुमच्या डोळ्यांसमोर उघडून दाखवली असली तरी. "त्यांनी बघितलं म्हणजे आपण बघितलं नाही," म्हणायची. बरं, हे बंदुकीपुरतं राहिलं असतं तर चाललं असतं. मी गॅस बंद केला म्हटलं की ती उठून बघून यायची. मी कात्री दिली की आधी तिचं टोक जमिनीकडे वळवायची. एकदा मी तिला नवी साडी आणून दिली तर तिने ती पूर्ण उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली, मग छान आहे म्हणाली. कापडाच्या धंद्यातल्या माणसाच्या हे मनाला लागतं.

तिसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद बघितले. "परवाना बाईंच्या नावावर. बाई गेल्या, परवाना संपला. तुमच्याकडे परवाना नाही, तेव्हा बंदूक तुम्हाला ठेवता यायची नाही. आपल्या बाजारातल्या बंदूकवाल्याच्या दुकानात जमा करा, आमचा माणूस सोबत येईल."

"करतो. कपाटाची किल्ली सापडली की."

"किल्ली कुठे आहे?"

"ते तिला माहीत आहे."

साहेबांचं पेन थांबलं. मग म्हणाले, कुलूप तोडायचं तर आमच्यासमोर तोडायचं, पंचनामा होईल, तुमचा अर्ज पुढे पाठवतो. पुढे म्हणजे किती पुढे ते त्यांनी सांगितलं नाही.

खरी घाई मला मुलीसाठी होती. तिने आमच्या गावात बदली मागून घेतली होती. मी एकटा राहू नये म्हणून नातीला घेऊन माझ्याकडेच राहायला येणार होती. मला ते हवं होतं. घर इतकं गप्प झालं होतं की मी गॅस बंद केला आहे का ते स्वतःच उठून बघायला लागलो होतो. पण फोनवर ती म्हणाली, "बाबा, बंदूक घरातून गेली की सांगा. तोवर मी येणार नाही."

"अगं, कपाटाला कुलूप आहे."

"आणि किल्ली?"

"हरवलीय."

"बाबा, हरवलेली किल्ली शेवटी कोणाला सापडते सांगू? चार वर्षांच्या पोरीला."

हे खरं होतं. माझ्या हातून पडलेली प्रत्येक सुई आजवर नातीलाच सापडली आहे, तीसुद्धा पायाने.

मी घर उलथंपालथं केलं. डबे ओतले, उशा उसवल्या, देवाला न सांगता देव्हाऱ्याचा ड्रॉवर काढला. गणवेशाचे सगळे खिसे बघितले. चोरखिसा तर मीच शिवलेला होता, त्यात आल्याची वडी निघाली. ती मी खाल्ली.

आता मेव्हण्याचं सांगतो. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे कर्नल म्हणतात. सैन्याशी त्याचा संबंध इतकाच, की पूर्वी तो छावणीच्या खानावळीला अंडी पुरवायचा. मिशा मात्र तिथूनच उचलल्या. बंदूक मूळची माझ्या सासऱ्यांची, ते एका फळबागेवर राखणदार होते. रीतीप्रमाणे ती मुलाकडे जायची. पण कर्नल ऐन जवानीत असताना फोटो काढून घ्यायला बंदूक घेऊन गच्चीवर उभा राहिला. फोटोवाला घाबरला तर म्हणाला, "अरे रिकामी आहे," आणि खात्री पटवायला चाप ओढला. शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीला एवढं भोक पडलं की खालच्या मजल्यावर आंघोळ करणाऱ्या बाईंना वाटलं, पाणी आज लवकर आलं. फोटो मात्र झकास आला. सासऱ्यांनी त्याच आठवड्यात मुलीला नेमबाजी शिकायला घातलं आणि पुढे बंदूक तिच्या नावावर केली. बायको म्हणायची, भरलेल्या बंदुकीला सगळे भितात, म्हणून माणसं मरतात ती रिकामीने.

तेव्हापासून कर्नलच्या मनात सल होता. बहीण गेली तसं त्याने एक डोळा पुसला आणि दुसऱ्या डोळ्याने कपाटाकडे बघितलं. "भाऊजी, बापाची आठवण आहे. परवान्याचं मी बघतो, वर ओळख आहे. तोवर माझ्या घरी भिंतीवर शोभेल."

"भिंतीवर?"

"दोन खुंट्या मारून. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजे ना."

मला भिंत दिसली, खुंट्या दिसल्या, त्याच्या घरी चिकन खायला जमणारी आणि मग गाणी म्हणणारी मित्रमंडळी दिसली. "बघू," मी म्हटलं.

अंत्यविधीच्या दिवशी थंडी होती आणि हा पातळ शर्टात आला होता. कुडकुडत होता, त्यात रडत होता, मिशांना धड काही कळत नव्हतं. माझ्या आतल्या खोलीत दाराच्या मागे एक कोट टांगलेला असायचा. एका वकिलाने शिवायला टाकला होता. कोट तयार झाला आणि वकीलच आत गेला, कसल्या तरी खोट्या सह्यांच्या भानगडीत. तपकिरी, लोकरी, अस्तर एक नंबर. मी तो विकायला काढला की बायको आडवी यायची. "सुटून आला आणि कोट मागितला तर? वकील आहे, दावा लावेल." दरवर्षी ती त्यात डांबराच्या गोळ्या टाकायची. मला वाटायचं, काय ही सचोटी. त्या दिवशी कोणी माझ्याकडे शिलाई मशीन मागितली असती तरी मी देऊन टाकली असती. मेव्हण्याला म्हटलं, घाल हा. त्याने घातला, आरशात बघितलं, रडणं थोडं कमी झालं. कोट त्याच्यासोबतच गेला.

नंतर एका दुपारी कर्नल आला तो ग्रिलवाल्याला घेऊन. ग्रिलवाला म्हणजे आमच्या चौकातला खिडक्यांचे गज बनवणारा. खांद्यावर कापायची मशीन, डोळ्यांवर चष्मा वर चढवलेला. कर्नल तोच तपकिरी कोट घालून.

"भाऊजी, पोलिसांच्या भरवशावर राहिलात तर भाचीचं यायचं राहील. किल्ली नाही तर नाही. कपाटाची कडी कापू, पाच मिनिटांचं काम."

भाचीचं नाव काढून तो मला बरोबर कोंडीत पकडत होता. मी क्षणभर थांबलो, हे कबूल करतो. मग स्टूल उचललं, आतल्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसलो.

"कापायचं नाही."

"का?"

"आत बंदूक कशी ठेवलीय ते मी बघितलेलं नाही."

"ताईने काडतुसं काढल्याशिवाय कधी ठेवली का?"

"कधीच नाही."

"काडतुसं तुम्ही मोजून घेतली ना?"

"घेतली. बरोबर होती."

"मग रिकामीच आहे की."

"मी उघडून बघितलेली नाही. म्हणजे भरलेली आहे."

कर्नलने ग्रिलवाल्याकडे बघितलं, जसं माणूस येड्याच्या घरच्यांकडे बघतो. "दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. तू लाव रे मशीन."

ग्रिलवाल्याने मशीन काही लावली नाही. "साहेब, आत बंदूक आहे?"

"आहे, पण रिकामी."

"हे म्हणतात भरलेली."

"त्यांचं सोड."

"कसं सोडू? ठिणग्या माझ्या उडणार." त्याने चष्मा काढून खिशात ठेवला. "तुम्ही मला कपाटाची कडी म्हणालात. मी गज कापणारा माणूस, मला बायकोपोरं आहेत. आणि तुमचा तो टाकीचा किस्सा आमच्या चौकात अजून सांगतात." हे म्हणून तो वायर गुंडाळायला लागला.

कर्नलचं तोंड पडलं. चूक कोणाची यावर तो माझ्याशी वाद घालत राहिला. बहिणीने आयुष्यभर त्याला त्या बंदुकीला बोट लावू दिलं नाही, एकदा नुसती धरू दे म्हटलं तर "आधी तुझं बोट चापापासून लांब ठेवायला शिक" म्हणाली, तेही सगळ्या पाहुण्यांसमोर. तो बोलत होता आणि माझं लक्ष त्याच्या बोलण्यावर नव्हतं. तो खिडकीपाशी उभा होता आणि कोट डावीकडे लोंबत होता.

मी शिवलेला कोट लोंबत नाही. माझं काय वाटेल ते म्हणा, बायकोपुढे बोलता येत नव्हतं म्हणा, पण माझा कोट लोंबला असं कोणी म्हणायचं नाही.

"कोट काढ," मी म्हटलं.

"आता कोट पण परत पाहिजे?"

"डावीकडून खाली येतोय. शोभत नाहीस."

हे बरोबर लागलं. शोभत नाही म्हटल्यावर कर्नलने कोट लगेच काढून दिला. "मलाही वाटतच होतं. बसताना काहीतरी मांडीला टोचतं. म्हटलं, वकिलाचा कोट आहे, टोचणारच."

मी खालची दुमड बोटांत धरली. डावीकडे आत काहीतरी लांबट आणि जड होतं. आतल्या खिशात हात घातला तर खिशाचा तळ उसवलेला, वस्तू टाकली की सरळ दुमडीत जाईल असा. आणि खाली अस्तराला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक टिचबटण. माझं नव्हतं. मी तपकिरी कोटाला काळ्या दोऱ्याने बटण लावत नाही. आणि टाके असे, जसे एखाद्याने रागात भिंतीला खिळे मारले असावेत. माझ्याकडे एवढी वर्षं राहून जिला बटण लावता आलं नाही अशी एकच व्यक्ती या जगात होती.

माझा काळा दोरा इतका भराभर का संपायचा, हेही तेव्हा कळलं. बटण रोज उघडून उघडून ती ते किती वेळा परत लावत असेल.

"काय झालं?" कर्नलने विचारलं.

"अस्तर सुटलंय."

"तुमच्या हातचं? सुटलं?"

हा अपमान मी गिळला. आयुष्यात एकदाच गिळला. "ठेवून जा. करून देतो."

"थंडीत जाऊ?"

मी त्याला माझा स्वेटर दिला. तो त्याला पोटावर बसेना. ग्रिलवाल्यासोबत तो बडबडत गेला. मी दाराची कडी लावली, टिचबटण उघडलं आणि दुमडीतून कपाटाची किल्ली काढली. इतके दिवस कर्नल किल्ली अंगावर घालून कपाटाच्या मागे फिरत होता.

मला हसू आलं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसलो. मग हसता हसता थांबलो, कारण एक गोष्ट लक्षात आली. माझी किल्ली माझ्याकडे होती आणि आता तिचीही. या घरात दोन्ही किल्ल्या एका माणसाकडे कधी आल्या नव्हत्या. आणि आल्या त्या कोणाकडे, तर बायको नुकतीच गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या, जेवायचंही विसरणाऱ्या माणसाकडे.

मी काही वेडंवाकडं करणार होतो असं नाही. पण ती असती तर तिने मला ते विचारलंच नसतं. बँकेतल्या एका शिपायाचा मुलगा गेला तेव्हा त्याच्या घरी परवान्याची बंदूक होती. बायकोने त्याला समजावलं नाही, धीर दिला नाही, त्याच्या बायकोला सांगून किल्ली काढून घेतली आणि तो सावरेपर्यंत बंदूक दुकानात जमा करायला लावली. "चांगला माणूस आहे, म्हणूनच," म्हणाली होती. मी चांगला माणूस आहे की नाही हे मी उघडून बघितलेलं नव्हतं.

मी बटणांच्या डब्याखालून माझी किल्ली काढली आणि चपला घालून बँकेत गेलो.

"साहेब, ही ठेवा."

मॅनेजरने किल्ली हातात घेतली. "कसली?"

"काडतुसांच्या पेटीची."

"मग ती माझ्याकडे कशाला?"

"दुसरी सापडली."

बँकवाले लोक दोन किल्ल्यांची गोष्ट लवकर समजतात, त्यांच्या तिजोरीचंही तसंच असतं. त्याने ड्रॉवर उघडला, किल्ली आत टाकली, ड्रॉवरला कुलूप लावलं. चहा मागवला. चहा पिताना एकदा म्हणाला, "ती पँट..." आणि लगेच म्हणाला, "नाही, घाई नाही."

तिथूनच मी ठाण्यात फोन केला.

बंदूकवाला दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जाडा, बोलका, हातात पांढरे मोजे घालणारा माणूस. सोबत हवालदार. मॅनेजर किल्ली घेऊन बँक उघडायच्या आधी येऊन गेला, काडतुसांची पेटी हवालदाराच्या ताब्यात दिली. मी कपाटाची किल्ली बंदूकवाल्याच्या हातात ठेवली आणि मागे सरलो.

"तुम्ही उघडा की, तुमचं घर."

"परवाना तुमच्याकडे आहे."

त्याने उघडलं. बंदूक मी शिवलेल्या कव्हरात होती, तोंड भिंतीकडे. त्याने कव्हर काढलं, नळ्या खाली केल्या, बोट चापापासून लांब ठेवून बंदूक मधून दुमडून उघडली आणि दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघितलं. "स्वच्छ. काय ठेवलीय हो बाईंनी. नळीत तोंड दिसतं." मग बंद करून हवालदाराला दिली. हवालदाराने घेतली आणि तशीच खांद्याला लावायला लागला.

"उघडून बघा," मी म्हटलं.

"आत्ता यांनी बघितलं ना."

"त्यांनी बघितलं. तुम्ही नाही."

हवालदाराने बंदूकवाल्याकडे बघितलं. बंदूकवाल्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "बघा. बरोबर बोलताहेत." हवालदाराने बंदूक उघडली, बघितलं. रिकामी होती.

तेवढ्यात कर्नल स्वेटर परत द्यायला आला. दारातच थबकला. बापाची बंदूक त्याच्यासमोरून चालली होती. तो आडवा आला नाही, मला वाटलं होतं येईल. हवालदार कव्हराची चेन ओढेपर्यंत तो बघत राहिला.

"किल्ली कुठे सापडली?" त्याने विचारलं.

"तुझ्याजवळ."

"थट्टा करू नका, भाऊजी."

मी कोट आणून टिचबटण दाखवलं. त्याने दुमडीत बोट घातलं, बाहेर काढलं, परत घातलं. मग स्टूलवर बसला. "म्हणजे मी हिंडलो त्या कोटात. लग्नाला पण गेलो एका."

"हो."

"आणि ताईने जन्मभर मला किल्लीच्या जवळ फिरकू दिलं नाही."

"शेवटी होतीच की तुझ्याकडे. आणि कोणाची टाकी फुटली नाही."

त्याच्या मिशा हलल्या. मला कळेना हसतोय की काय. दोन्ही चाललं होतं. "परवाना काढीन म्हणतो," तो नंतर म्हणाला, "पण आधी शिकायला जाईन. ती जिथे शिकली तिथेच." आता हे खरं की खोटं ते मी उघडून बघितलेलं नाही. बंदूक दुकानात जमा आहे, पावती माझ्याकडे आहे, त्याला शिकायला भरपूर वेळ आहे.

मुलीला फोन केला. "गेली?" तिने विचारलं.

"गेली. दुकानात जमा झाली."

"तुम्ही स्वतः बघितलंत?"

अगदी आईवर गेली आहे.

त्या दोघी आल्या. कपाट भिंतीतून निघत नाही, बोल्ट बायकोने आवळले आहेत. मी त्याचं दार काढून ठेवलं आणि नातीने त्यात बाहुल्या भरल्या. काल तिने मला प्लास्टिकचं पिस्तूल दाखवलं, शेजारच्या मुलाचं. माझ्यावर रोखलं. मुलगी स्वयंपाकघरातून धावत आली, पण त्याआधी मीच त्याचं तोंड जमिनीकडे वळवलं. "आजोबा, हे खोटं आहे," नात म्हणाली. मी म्हटलं, आपण बघितलं का उघडून? तिने बघितलं. आत पाणी होतं.

कर्नल दोनदा कोटाचं विचारून गेला. मी त्याला उद्या म्हणतो. खिशाचा तळ शिवायचा आहे, दुमड बंद करायची आहे, आणि त्याआधी तिने लावलेलं टिचबटण काढायचं आहे. ते काढलेलं नाही. मॅनेजरची पँटही तशीच टांगलेली आहे, फक्त बॉटम मारायचा बाकी आहे. काळा दोरा आणायचा राहिला आहे.